कोअरची टोकं आणि एक डायमंड व्हील

एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी मला बेसॉल्ट दाबून फोडायचा होता. गाइडची सही, खाणीतून ठोकळे आणणं, त्यातून कोअर, म्हणजे दंडगोल नमुने, काढणं यातलं काहीच अडलं नाही, त्यामुळे त्यावर लिहीत बसत नाही. अडलं ते कोअरची टोकं घासण्यापाशी, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

कोअरचा व्यास ५४ मिमी, लांबी त्याच्या अडीचपट. आयएसआरएम या खडक-यांत्रिकीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९७९ च्या पद्धतीप्रमाणे टोकं ०.०२ मिमीच्या आत सपाट लागतात आणि अक्षाला काटकोनात. करवतीने कापलेलं टोक हाताला गुळगुळीत लागतं, पण कोअर व्ही-ब्लॉकच्या खाचेत ठेवून बारीक उंचसखलपणा मोजणारा डायल गेज लावला की काटा डोलायला लागतो. म्हणजे सरफेस ग्राइंडर (घासून सपाट करणारं मशीन) हवाच. लॅबमध्ये तो होता, फक्त त्याचं डायमंड व्हील, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेलं घासायचं चाक, झिजून संपलं होतं.

नव्या व्हीलसाठी स्टोअर्सचा फॉर्म, फॉर्मला तीन कोटेशन्स. एका कोटेशनवर जीएसटी नंबर पुसट उमटला होता, फाइल परत. मग प्रश्न निघाला की ही वस्तू कन्झ्युमेबल की इक्विपमेंट? झिजलेलं व्हील टेबलावर ठेवून मी विचारलं, ‘हे संपलेलं दिसत नाही का?’ उत्तर आलं, ‘तसं लेखी द्या.’ दिलं. तोवर सही करणारे साहेब ट्रेनिंगला गेले होते.

या काळात जो भेटेल तो सांगायचा, काँक्रीटच्या सिलिंडरला करतात तसं टोकावर गंधकाचा थर देऊन कॅपिंग कर, आकडा येईल की! चिडायचे ती इथेच. मला नुसता शेवटचा आकडा नको होता, दगड आतून फुटायला कधी सुरुवात करतो ते हवं होतं.

दाबाखाली दगड चिरडून जातो असं वाटतं, पण त्याला आतून फोडतो तो ताण, म्हणजे ओढ. तिरप्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर घसरू पाहतात, टोकाशी ताण तयार होतो आणि तिथून नवा तडा निघतो. तो वळत वळत दाबाच्या दिशेला समांतर होतो आणि थांबतो. ब्रेस आणि बोम्बोलाकिस यांनी १९६३ मध्ये हे काचेवर दाखवलं. दगड ओढून तोडला तर एकच भेग धावत सुटते आणि खेळ संपतो. दाबाखाली मात्र तडा पुढे न्यायला आणखी दाब द्यावा लागतो. असे असंख्य तडे साचतात, एकमेकांना जोडले जातात, आणि मगच नमुना फुटतो. म्हणून कमाल ताकदीच्या साधारण ३० ते ५० टक्क्यांवरच आडवा स्ट्रेन (आकारातला सापेक्ष बदल) सरळ रेष सोडू लागतो, आणि ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास, आकसत चाललेला नमुना उलट फुगायला लागतो. त्यापुढे भार वाढवला नाही, नुसता धरून ठेवला, तरी दगड कालांतराने फुटू शकतो. कॅनडातल्या मॅनिटोबात ग्रॅनाइटमध्ये खोदलेल्या संशोधन बोगद्याच्या भिंती प्रयोगशाळेतल्या ताकदीच्या जेमतेम निम्म्यावरच सोलायला लागल्या होत्या. आता सांगा, नुसता शेवटचा आकडा घेऊन काय करू?

हे टप्पे दिसतात ते टोकं सपाट असली तरच. एक कोपरा उंच असेल तर भार आधी तिथेच येतो, नमुना किंचित वाकतो, आणि स्ट्रेन मोजायला नमुन्यावर समोरासमोर चिकटवलेले दोन गेज वेगवेगळं बोलतात. दाब आणि स्ट्रेनच्या आलेखाच्या सुरुवातीचा वाकलेला भाग मूळच्या भेगा मिटल्यामुळे आला की टोक मशीनच्या प्लॅटनवर (दाबणाऱ्या पोलादी पाटावर) बसल्यामुळे, हे कळायला मार्गच उरत नाही. दगडापेक्षा मऊ कॅप तर दाबाखाली बाहेर पसरू पाहते, टोकाला स्वतःबरोबर ओढते आणि नमुना खालून-वरून उभा चिरते. आयएसआरएमने कॅपिंगला नकार दिलाय तो उगाच नाही.

व्हील आलं तेव्हा ग्राइंडरवाल्या मामांनी एकेक टोक इतकं सावकाश घासलं, की डायल गेजचा काटा जागचा हलेना. पहिल्याच चाचणीत समोरासमोरच्या गेजच्या दोन रेषा एकमेकींवर बसल्या. तो प्रिंट मी स्टोअर्समध्ये नेऊन दाखवला. कुणाला काही कळलं नाही, पण मला बरं वाटलं.

तुम्ही यात पडणार असाल तर विषय ठरवायच्या आधी लॅबमध्ये जाऊन व्हील बघा. स्पेअर आहे का विचारा, आणि ‘आहे’ म्हणाले तर हातात घेऊन बघा. भाराचा वेग सेकंदाला ०.५ ते १ एमपीए (मेगापास्कल). साध्या मशीनवर कमाल भारानंतरचा आलेख मिळायची आशा धरू नका. मशीनच्या सांगाड्यात साठलेली ऊर्जा एकदम नमुन्यात उतरते आणि स्फोट झाल्यासारखे तुकडे उडतात, म्हणून भोवती जाळी लावाच. तो भाग हवा असेल तर आडव्या स्ट्रेनप्रमाणे भार आपोआप कमी-जास्त करणारं सर्व्हो मशीन शोधा.

आणि हो, हे आधीच लिहायला हवं होतं: आपल्या बेसॉल्टमध्ये झिओलाइट नावाच्या खनिजाने भरलेली छिद्रं असतात. गेज अशा ठिपक्यावर चिकटवलात तर तो त्या ठिपक्याचीच गोष्ट सांगेल, दगडाची नाही. कोअर ओला करून ठिपके कुठे आहेत ते पेन्सिलीने खुणा करून ठेवा, नीट वाळू द्या, मग मधल्या भागात स्वच्छ जागा बघून गेज लावा.