रामटेकला गाडीनं थेट गडावर जाऊ नका, अंबाळ्यावरून चढा

रामटेकच्या गडाखालचा अंबाळा तलाव आपल्या नागपूर-भंडाऱ्याकडच्या बहुतेक घरांना माहीत आहे, पण एकाच कामासाठी. अस्थी घेऊन यायचं, घाटावर विधी आटपायचा, आंघोळ करायची अन् ओल्या कपड्याचं बोचकं घेऊन वापस गाडीत बसायचं. आम्हीही आजोबांच्या वेळी तसेच आलो अन् तसेच गेलो. त्यामुळे यावेळी दिवाळीनंतरच्या रविवारी आईला म्हटलं की चल, अंबाळ्याला फिरायला जाऊ, तर ती आधी गप्पच बसली. मग म्हणाली, "तिथं फिरायला कोण जाते रे?"

जायला पाहिजे, म्हणूनच हे लिहून राहिलो.

नागपूरहून रामटेक साधारण ५० किलोमीटर. जबलपूर हायवेनं मनसरपर्यंत यायचं अन् तिथून उजवीकडे वळायचं. एसटी भरपूर आहेत, इतवारीहून रेल्वे पण आहे, पण सकाळी लवकर पोचायचं असेल तर स्वतःची गाडी बरी. आम्ही साडेसहाला निघालो, वाटेत चहा अन् तर्री-पोहे झाले, तरी आठच्या आत अंबाळ्यावर होतो. उन्हाच्या आधी पोचणं हीच या फिरण्यातली अर्धी कमाई आहे.

तलाव डोंगराच्या कुशीत आहे, म्हणजे अगदी शब्दशः, बाजूनं टेकड्या अन् मधात पाणी, काठानं दगडी घाट अन् घाटावर ओळीनं जुनी देवळं. अंबा नावाच्या राजाचा कोड इथल्या झऱ्याच्या पाण्यानं बरा झाला म्हणून त्यानं तलाव खणला अशी गोष्ट सांगतात. विधीची गर्दी एका बाजूलाच असते, तिथून थोडं समोर गेलं की आवाज एकदम कमी होतो. आम्ही घाटाघाटानं, देवळांच्या मागून जितकं जाता येते तितकं गेलो. एका पायरीवर पाणकावळा पंख पसरून उन्हात बसला होता, आम्ही दहा-बारा पावलांवर आलो तरी हलला नाही, पंखाच्या टोकावरून थेंब पडून राहिले होते. आई तिथंच बसली. आजोबांचं सगळं इथंच झालं होतं अन् तेव्हा कोणी मान वर करून पाह्यलंही नव्हतं, असं ती म्हणाली. आम्ही तिथं अर्धा तास तरी बसलो असू, तेवढा वेळ तुम्हीही हाताशी ठेवा.

घाटावरच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, वरून सुक्या दिसल्या तरी भरवसा ठेवू नका. माझा पाय सटकला अन् मी कोपरावर पडलो, हाड वाचलं पण दिवसभर दुखलं. म्हातारं माणूस सोबत असेल तर पाण्याच्या पायरीपासून २-३ पायऱ्या वरूनच चाला.

आता मुख्य गोष्ट. राममंदिर वर गडावर आहे अन् तिथवर गाडीचा रस्ता जाते, त्यामुळे सगळे वर पार्किंगपर्यंत गाडी नेतात, दर्शन घेतात, पाऊण तासात खाली. पण अंबाळ्यावरून गडाला जुनी दगडी पायऱ्यांची वाट आहे अन् खरं रामटेक त्या वाटेवर आहे. चढ दमवणारा नाही, पायऱ्या रुंद आहेत, मधून मधून सपाट पण लागते. आई ६४ वर्षांची, गुडघ्याचा त्रास आहे, ती थांबत थांबत पाऊण तासात आरामात चढली. दोन्ही बाजूनं रान, बहुतेक साग. या दिवसात सागाची पानं पाहाच, पावसाळ्याच्या शेवटी एक अळी पानाचा हिरवा भाग खाऊन टाकते अन् शिरा तेवढ्या ठेवते. आईनं एक पान उचलून उन्हासमोर धरलं तर पूर्ण चाळणी, सुताएवढ्या शिरांची बारीक जाळी, पलीकडचा तलाव त्यातून दिसत होता. ते पान तिनं पिशवीत जपून घरी आणलं, अजून देवघराजवळ ठेवलं आहे.

वर पोचल्यावर थेट राममंदिरात घुसू नका, आधी नरसिंहाची दोन देवळं पाहा, केवल नरसिंह अन् रुद्र नरसिंह. दोन्ही ५व्या शतकातली, विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्याच्या काळातली. गुप्त सम्राट चंद्रगुप्त दुसरा याची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांकडे दिली होती अन् त्यांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे इथून जवळचं आपलं नगरधन. आत लाल दगडाचा एवढा मोठा नरसिंह बसलेला आहे, एक गुडघा वर घेऊन, की दारातून वाकून आत गेल्यावर एकदम समोर येते अन् आपण आपोआप मागं सरकतो. आम्ही होतो तेव्हा आत कोणीच नव्हतं. दीड हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आपल्या जिल्ह्यात आहे अन् लोकं बाजूनं गाडी काढून निघून जातात, याचं मला खरंच वाईट वाटते.

वानरं भरपूर आहेत, काळ्या तोंडाची. पॉलिथिनची पिशवी हातात दिसली की आली म्हणून समजा, प्रसाद, केळी, पाण्याची बाटली सगळं चेन असलेल्या बॅगेत टाका अन् खाऊ घालू नका. आमच्या समोर एका लहान पोरीच्या हातून नारळ ओढून नेला, पोरगी किती वेळ रडत होती.

गडाच्या तटावरून एकीकडे खिंडसी तलावाचं पाणी दिसते अन् खाली अंबाळा, सकाळी जिथं बसलो होतो ती पायरी आई बोटानं शोधत होती.

उतरताना आम्ही त्याच वाटेनं आलो नाही, रामटेक गावाच्या बाजूच्या पायऱ्यांनी उतरलो अन् खालून ऑटो करून अंबाळ्यावर गाडीजवळ गेलो. हा उतार जास्त उभा आहे, गुडघ्यावर ताण येते, त्यामुळे गुडघे दुखत असतील तर आलेल्याच वाटेनं खाली या. ऑटोचे पैसे बसायच्या आधी ठरवा.

कधी जावं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्रिपुरी पौर्णिमेला गडावर मोठी यात्रा असते, यात्रा पाहायची असेल तर तेव्हाच जा, शांतपणे चालायचं असेल तर ते ४-५ दिवस सोडा. पावसाळ्यात हिरवंगार दिसते पण पायऱ्या फार निसरड्या. एप्रिल-मे मध्ये दहाच्या नंतर दगड तापतात, देवळाजवळ चपला काढल्या की पाय भाजतात. अन् अंधार पडायच्या आत खाली या, पेंचचं जंगल इथून लांब नाही.

परतताना गावाबाहेर एक बाई उकडलेले शिंगाडे विकत होती, रामटेकचे शिंगाडे याच दिवसात. काळं साल, दोन्हीकडे शिंग, ती विळ्यानं एका फटक्यात मधून कापून द्यायची, आत पांढरा मऊ गर, अजून कोमट. अर्धा किलो घेतले, मनसर यायच्या आत संपले, आई म्हणाली एक किलो घ्यायला पाहिजे होते.