ग्रबच्या यादीत बाबांची ओळ

बूट मेनू, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना कोणती सिस्टिम हवी ते विचारणारी यादी. ती सजवणाऱ्यांचं एक वेगळंच जग आहे. मागे धुक्यातले डोंगर, गोल आयकॉन, निळसर चमकणारी अक्षरं, सेकंद मोजणारं वर्तुळ. बघायला छान वाटतं. पण जो पडदा दिवसातून एखाद-दोनदा पाच-दहा सेकंद दिसतो, त्यापायी अख्खा रविवार खर्ची घालायची इच्छा मला कधी झाली नाही. माझ्या मते मेनू बदलावा तो आधी शब्दांसाठी, क्रमासाठी आणि वेळेसाठी. रंगरंगोटी मागाहून, वेळ उरला तर.

आमच्या घरी मोठा कॉम्प्युटर एकच. माझं काम उबुंटूवर, म्हणजे एका प्रकारच्या लिनक्सवर चालतं. बाबांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, आणि ते सोडून नवीन काही शिकायची त्यांची तयारी नाही. त्यांच्या वयाला माझीही नसेल. सुट्टीत भाची येते, तिला दोन्हीकडचं सगळंच हवं असतं. तिघांच्या समोर येणारी यादी मात्र एकच, आणि ती या तिघांपैकी कुणासाठीच लिहिलेली नाही. वर ‘उबुंटू’. त्याखाली ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबुंटू’. मग ‘विंडोज बूट मॅनेजर’, आणि त्यापुढे कंसात डिस्कचा आणि पार्टिशनचा आकडेमोडीसारखा पत्ता. शेवटी ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’.

“अगं, हा मॅनेजर कोण? मला साधं विंडोज पाहिजे.”

“तेच आहे ते, बाबा.”

“मग तसं लिहायला काय होतं त्यांना?”

खरंच काय होतं? ही यादी दाखवून निवडलेली सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम, म्हणजे बूटलोडर, आहे ग्रब. पूर्ण नाव ‘ग्रँड युनिफाइड बूटलोडर’. १९९५ साली एरिक बोलिन यांनी ते जीएनयू हर्ड ही सिस्टिम सुरू करता यावी म्हणून लिहायला घेतलं, आणि कुठलाही कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, एकाच पद्धतीने उचलता यावा हा त्यामागचा विचार होता. तो विचार तडीला गेला. सगळं उचलतं बिचारं. पण उचलण्याआधी जे विचारतं, ते मशीन जुळवणाऱ्याच्या भाषेत.

तर मुद्दा होता ती ओळ बदलण्याचा. पहिला मोह होतो तो थेट बूट फोल्डरमधली ‘ग्रब.सीएफजी’ उघडण्याचा, कारण मेनूतला शब्द न् शब्द तिथे दिसतो. फाइलीच्या डोक्यावरच मोठ्या अक्षरांत बजावलेलं असतं की हिला हात लावू नका. ते गंभीरपणे घ्यावं. ही फाइल कुणी लिहीत नाही, ती दरवेळी नव्याने तयार होते. नवा कर्नल आला की उबुंटू आपणहून ‘अपडेट-ग्रब’ चालवतं, आणि तुम्ही घातलेलं नाव पुसलं जातं.

खरं लिखाण दोन ठिकाणी करायचं असतं. ‘इटीसी’च्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरमध्ये ‘ग्रब’ नावाची फाइल असते, तिच्यात सेटिंग्ज: किती सेकंद थांबायचं, आपोआप काय सुरू करायचं वगैरे. आणि ‘इटीसी’मध्येच ‘ग्रब.डी’ नावाचं फोल्डर असतं, ते मला या सगळ्या प्रकारातलं सर्वांत सुबक वाटतं. त्यात छोट्या छोट्या स्क्रिप्ट (कमांडच्या फाइली) असतात आणि प्रत्येकीच्या नावाआधी आकडा. ०० मध्ये सुरुवातीची जुळवाजुळव, १० मध्ये लिनक्स, ३० मध्ये बाकीच्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर, ४० मध्ये तुमचं स्वतःचं. त्या आकड्यांच्या क्रमाने चालतात आणि प्रत्येकीने छापलेला मजकूर एकाखाली एक जोडला की मेनू तयार. म्हणजे क्रम बदलायला कुठलंही सेटिंग शोधावं लागत नाही, फाइलचं नाव बदललं की झालं. एखादी स्क्रिप्ट नको असेल तर पुसायचीही गरज नाही. तिची एक्झिक्यूट (चालण्याची) परवानगी काढून घ्या, पुढच्या वेळी ती मुकाट वगळली जाते.

‘४०_कस्टम’ उघडून बघा एकदा. पहिल्या ओळीत शेलचा, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा पत्ता. दुसऱ्या ओळीत ‘टेल’ कमांडला सांगितलेलं, की याच फाइलमधला तिसऱ्या ओळीपासूनचा मजकूर जसाच्या तसा छाप. स्क्रिप्ट स्वतःलाच वाचून दाखवते आणि संपते. त्याखाली तुम्ही लिहाल ते सरळ मेनूत. इतक्या कमी कष्टात इतकं काम करणाऱ्या दोन ओळी मी फार पाहिलेल्या नाहीत.

मी मात्र त्या फाइलमध्ये लिहिलं नाही. तिची प्रत काढून ‘०९_बाबा’ केली (नाव अर्थात रोमन अक्षरांत). एक म्हणजे ०९ हे १० च्या आधी येतं, त्यामुळे बाबांची ओळ लिनक्सच्या वर बसते. दुसरं म्हणजे पॅकेजसोबत आलेल्या फाइलीत बदल केला की पुढे कधीतरी अपग्रेडच्या मध्येच प्रश्न येतो, तुमची फाइल ठेवू की आमची नवी घेऊ? स्वतःच्या नावाने वेगळी फाइल केली की हा प्रश्न उद्भवत नाही.

आत लिहायचं थोडंच. ‘मेनूएंट्री’ आणि नाव. महिरपी कंसात जीपीटी आणि फॅट ही दोन मोड्यूल (डिस्क आणि पार्टिशन वाचता येण्यासाठीचे ग्रबचे सुटे भाग) बोलवायची. मग ‘सर्च’ कमांडने ईएफआय पार्टिशन (डिस्कचा तो भाग, जिथे बूटच्या फाइली असतात) त्याच्या यूयूआयडीवरून, म्हणजे ओळख-क्रमांकावरून हुडकायचं. हा यूयूआयडी फॅट पार्टिशनचा असल्याने आखूड असतो, मधे रेघ आणि दोन्हीकडे चार-चार अक्षरं, ‘बीएलके-आयडी’ कमांड तो दाखवते. शेवटी ‘चेनलोडर’ (पुढचा बूटलोडर सुरू करणारी कमांड) आणि मायक्रोसॉफ्टच्या बूट फोल्डरमधल्या ‘बूटएमजीएफडब्ल्यू.ईएफआय’चा पत्ता. डिस्कच्या क्रमांकावरून पार्टिशन शोधणारी उदाहरणंही सापडतात, ती टाळा. एखादी जास्तीची डिस्क लावली की ते क्रमांक इकडचे तिकडे होतात.

नाव ठेवलं ‘बाबा - विंडोज’. ओएस-प्रोबरने शोधलेली जुनी ओळ आता फाजील होती, म्हणून त्याला सुट्टी दिली. तसंही २०२१ मध्ये आलेल्या २.०६ आवृत्तीपासून ग्रब मुळातच ओएस-प्रोबर बंद ठेवतं, सुरक्षेच्या कारणास्तव. ‘नवं इन्स्टॉल केलं आणि विंडोज मेनूतून गायब झालं’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. पाहिजे असेल तर ‘ग्रब डिसेबल ओएस प्रोबर’ या सेटिंगपुढे ‘फॉल्स’ लिहायचं. नकाराचा नकार आहे, दोनदा वाचावं लागतं.

आता आपोआप काय सुरू व्हावं? माझ्या जवळपासच्या सगळ्या जाणकारांचं म्हणणं एकच, ‘सेव्हड’ ठेव. म्हणजे शेवटी जे निवडलं तेच पुढच्या वेळी. एकट्याच्या मशीनवर उत्तम आहे. सामायिक मशीनवर मात्र रात्री मी काम करून उठले की सकाळी बाबांसमोर उबुंटू. शिवाय या सोयीसाठी आपण लिहिलेल्या ओळीत ‘सेव्हडिफॉल्ट’ ही कमांड वेगळी घालावी लागते, नाहीतर ती निवड लक्षातच राहत नाही.

आमच्याकडे विंडोज कायमचं पहिलं, आणि ते फक्त बाबांच्या सोयीसाठी नाही. विंडोज अपडेट घेताना मधेच स्वतःहून रीस्टार्ट होतं, कधी कधी एकाहून जास्त वेळा. अशा वेळी आपोआप लिनक्स सुरू झालं तर ते अपडेट अर्धवट लोंबकळत राहतं, आणि मशीनसमोर बसलेल्या माणसाला कळत नाही की आपण कुठे आलो. लिनक्सला असली सवय नाही, म्हणून बाण दाबण्याचं कष्टाचं काम मी घेतलं.

डिफॉल्ट ठरवताना आकडा लिहिता येतो (मोजणी शून्यापासून), पण आकडा हा यादीतल्या जागेचा असतो. यादी बदलली की भलतंच सुरू होतं. मेनूएंट्रीला आयडी देता येतो. मी ‘बाबा’ हाच आयडी दिला आणि डिफॉल्टपुढे तोच शब्द लिहिला. आता वरखाली कितीही ओळी येवोत.

वेळेचं गणित घड्याळ लावून करण्यासारखं आहे, कारण सेकंद ग्रब मोजतं आणि मॉनिटर आपल्या मर्जीने जागा होतो. आमचा मॉनिटर झोपेतून उठून चित्र दाखवेपर्यंत पाच सेकंदांचा मेनू येऊन गेलेला असायचा. बाबांना त्याचं काहीच नव्हतं, मला मात्र रोज हुकलेल्या गाडीमागे धावावं लागे. म्हणून दहा सेकंद. शून्य लिहिलं तर थांबतच नाही, उणे एक लिहिलं तर कुणीतरी एंटर दाबेपर्यंत थांबून राहतं. हे उणे एक अशा मशीनवर कधीही लिहू नये, जे तुम्ही घरी नसताना दुसऱ्याने सुरू करायचं आहे. मोजणी चालू असताना कुठलीही की दाबली की ती थांबते, हेही घरातल्यांना सांगून ठेवलेलं बरं. भाचीने हौसेने बाण दाबून बघितले होते आणि तशीच जेवायला गेली होती.

मेनू आल्याचं आवाजाने कळवायचीही सोय आहे, ‘ग्रब इनिट ट्यून’. ४८०, ४४०, १ असे तीन आकडे द्यायचे: मिनिटाला ४८० ठोके, ४४० हर्ट्‌झचा सूर, एक ठोका. म्हणजे सेकंदाचा आठवा भाग वाजणारी एक टिचकी. पण त्यासाठी मदरबोर्डवर तो जुना छोटा स्पीकर लागतो आणि आमच्यात तो नाही.

अक्षरांचा आकार हा वेगळा वैताग. फोर-के मॉनिटरवर ग्रब पूर्ण रिझोल्यूशन घेतं आणि अक्षरं मुंगीएवढी होतात. बाबा चष्मा लावूनही वाकून बघायचे. सोपा उपाय म्हणजे ‘जीएफएक्समोड’मध्ये १०२४ बाय ७६८ लिहायचं, सगळं मोठं होतं पण कडा फाटल्यासारख्या दिसतात. चांगला उपाय म्हणजे ‘ग्रब-एमकेफॉन्ट’ने नेहमीच्याच फॉन्टमधून ३२ आकाराचा पीएफ२ (ग्रबला वाचता येणारा) फॉन्ट बनवायचा.

मग म्हटलं नाव मराठीतच लिहू. इथे मात्र ग्रब अडतं. त्याच्याकडच्या युनिफॉन्टमध्ये देवनागरीची अक्षरं आहेत, पण वेलांटी अक्षराच्या आधी नेऊन बसवणं, जोडाक्षर जुळवणं हे वेगळं काम आहे आणि ते त्याला येत नाही. ‘विंडोज’ची ‘वि’च विसकटते. यातून वाट काढली ती थीमच्या मार्गाने, ज्या मार्गाला मी वर नाकं मुरडली. थीममध्ये प्रत्येक ओळीला आयकॉन देता येतो. मेनूएंट्रीला ‘क्लास’ म्हणून एक शब्द द्यायचा आणि थीमच्या आयकॉन फोल्डरमध्ये त्याच नावाचं पीएनजी चित्र ठेवायचं. चित्रात काय असावं यावर बंधन नाही. मी चित्र म्हणून ठळक देवनागरीत ‘बाबा’ एवढा शब्दच काढला, थीमच्या फाइलीत आयकॉनची रुंदी वाढवली, काळ्यावर पिवळं. उबुंटूच्या आयकॉनचीही तशीच अदलाबदल करून ‘मी’ लिहिलं. डोंगर नाहीत, वर्तुळ नाही.

भाचीने विचारलं, “मावशी, माझी ओळ?” तिची नाही. उलट तिच्यामुळे मेनूला पासवर्ड लावला. ओळीवर ‘ई’ दाबलं की त्या ओळीमागच्या कमांड उघडतात, त्या तिथल्या तिथे बदलून कंट्रोल-एक्स किंवा एफ१० ने तसंच बूट करता येतं. बदल तेवढ्यापुरताच टिकतो, म्हणून मी स्वतः नवीन काहीही आधी तिथे करून बघते आणि चाललं तरच फाइलीत लिहिते. पण डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर याच वाटेने, ‘इनिट’पुढे बॅश या शेलचा पत्ता लिहून, कुणीही पासवर्डशिवाय रूट, म्हणजे सर्वाधिकारी, होऊ शकतं. चौकस मुलांना हे सापडायला वेळ लागत नाही. तिला त्याआधी एस्केप सापडलं होतं. ते जास्तीचं दाबलं की काळ्या पडद्यावर नुसतं ‘ग्रब’ आणि एक कोनचिन्ह उरतं. “बंद पडला!” म्हणून ओरडली. ‘नॉर्मल’ टाइप करून एंटर, यादी परत.

पासवर्डचा हॅश (उलट न उलगडणारं सांकेतिक रूप) ‘ग्रब-एमकेपासडब्ल्यूडी-पीबीकेडीएफ२’ ही कमांड काढून देते. एक गोष्ट मात्र आधी करावी लागते. सुपरयूझर (ज्याच्याकडे हा पासवर्ड आहे तो) नेमला की ग्रब नुसत्या बूटलाही पासवर्ड मागायला लागतं, म्हणून ज्या ओळी सगळ्यांना खुल्या हव्यात त्यांना ‘अनरिस्ट्रिक्टेड’ हा पर्याय जोडायचा. लिनक्सच्या ओळी १० क्रमांकाची स्क्रिप्ट बनवते, त्यामुळे तिथल्या ‘क्लास’च्या ओळीत तो घालावा लागतो. म्हणजे शेवटी पॅकेजच्या एका फाइलीला हात लावावाच लागला, आणि अपग्रेडला तो प्रश्न आता येतोच.

इतका खटाटोप नको असेल तर सिस्टमडी-बूट हा दुसरा बूटलोडर आहे. एक ओळ म्हणजे एक छोटी टेक्स्ट फाइल, मेनूत ‘डी’ दाबलं की ती ओळ डिफॉल्ट, ‘डब्ल्यू’ दाबलं की विंडोज. चित्रांची हौस असेल तर रॉड स्मिथ यांचं रीफाइंड. दोन्ही चांगली आहेत. उबुंटू ग्रबसोबत येतं म्हणून मी ग्रबवर.

हे सगळं झाल्यावरही एक पायरी ग्रबच्या हाताबाहेर राहते. ग्रबला बोलवायचं की थेट विंडोजला, हे फर्मवेअर (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर, त्यालाच बायोसही म्हणतात) ठरवतं, त्याच्याकडच्या यादीवरून. एकदा बायोस अपडेटनंतर त्या यादीत विंडोज पहिलं झालं. मेनू दिसेनाच. बाबा खूश. “तो काळा पडदा काढलास ते बरं केलंस.” मी विंडोजमधून शिफ्ट धरून रीस्टार्ट केलं, ‘यूझ अ डिव्हाइस’मधून उबुंटू निवडलं, आत जाऊन ‘ईएफआयबूटएमजीआर’ ही कमांड चालवली. प्रत्येक नोंदीला चार आकडी क्रमांक असतो आणि वर ‘बूटऑर्डर’मध्ये त्यांची रांग. ‘ओ’ पर्याय देऊन रांग नव्याने लिहिता येते, ‘एन’ दिलं तर फक्त पुढच्या एका बूटपुरतं. क्रमांक मशीनगणिक वेगळे असतात, म्हणून दुसऱ्याच्या पोस्टमधले उतरवू नका, आधी स्वतःची यादी बघा.