कागदावरची पोटेंटिला आणि डोंगरावरची

व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला निघालेली मंडळी देहरादूनला उतरली की लगेच ऋषिकेशची गाडी धरतात. मी मात्र मुद्दाम थांबले. तिथल्या वन संशोधन संस्थेच्या, म्हणजे एफआरआयच्या हर्बेरियममध्ये वाळवलेल्या वनस्पतींचे तीन लाखांहून जास्त नमुने आहेत. मला त्यातली एकच वनस्पती बघायची होती, पोटेंटिला अ‍ॅट्रोसँग्विनिया. परवानगी आधीच काढली होती.

गुलाबाच्या कुळातली ही वनस्पती हिमालयात उंचावरच्या उघड्या, गवताळ उतारांवर वाढते. पान स्ट्रॉबेरीसारखं तीन पर्णिकांचं, कडेला दाते. फूल पाच पाकळ्यांचं. मूळ प्रकारात गर्द लाल आणि आर्जिरोफायला या उपप्रकारात पिवळं.

शीटवर, म्हणजे नमुना चिकटवलेल्या कागदावर, मात्र लाल कुठलं आणि पिवळं कुठलं, चटकन कळेना. जुन्या नमुन्यांमधल्या पाकळ्या तपकिरीकडे झुकलेल्या. पानाखालची रुपेरी लव तेवढी शाबूत होती, आणि निदलांच्या, म्हणजे पाकळ्यांखालच्या हिरव्या दलांच्या, बाहेरचं पाच छोट्या दलांचं दुसरं कडंही. अशा वेळी कोपऱ्यातलं लेबल वाचायचं. कोणी गोळा केलं, कुठे, कधी, किती उंचीवर (जुन्या लेबलांवर उंची फुटांत असते), आणि त्या माणसाने तसदी घेतली असेल तर फुलाचा रंग. नाहीतर नुसतं ‘गढवाल’. एवढ्या मोठ्या मुलखात ते झाड शोधायचं कुठे? सहारनपूरच्या बागेचे प्रमुख डथी यांच्यासारख्या संग्राहकांनी महिनोन्‌महिने पायी हिंडून हे नमुने जमवले. ज्याने वर्तमानपत्रात झाड दाबतानाच रंग टिपून ठेवला, त्याचं मला फार अप्रूप वाटतं.

ऋषिकेश ते गोविंदघाट हा गाडीचा अख्खा दिवस. पुढे पुलनापर्यंत जीप, मग घांघरियापर्यंत चढण. खोऱ्यात मुक्काम करता येत नाही, म्हणून भल्या सकाळी फाटक गाठलं.

पुष्पावती नदीच्या पलीकडे उतारावर लाल पोटेंटिला भेटली. पान उलटलं, तर बोटाला तीच मऊ लव लागली. जरा वर पिवळी होती, आणि दोन्हींच्या मध्ये काही नारिंगी. हा मधला रंग वाळल्यावर कसा ओळखणार?

खालच्या भागात मात्र अमेला माजलाय. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालं, चराई थांबली आणि ही उंच वनस्पती पसरत गेली. वनखातं ती उपटत असतं. तिच्या सावलीत बुटक्या झाडांना जागा उरत नाही. चराई होती तेव्हा कुठे काय उगवत होतं, हे त्या वेळच्या शीट्सच सांगू शकतात. म्हणून हर्बेरियमची कपाटं मला इतकी मोलाची वाटतात.

वाटेवर जोन मार्गारेट लेग यांची समाधी आहे. वनस्पती गोळा करायला त्या इथे आल्या आणि ४ जुलै १९३९ रोजी कड्यावरून घसरून गेल्या. तिथे मी बराच वेळ बसले.

इथे फूल तोडायला बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. मी फोटो काढले, प्रत्येकासोबत जागा, उंची, तारीख टिपली. नारिंगी फुलांच्या नोंदीत पाकळीच्या बुडाशी लाल, कडेला पिवळा, असं सविस्तर लिहिलं. पाऊस सुरू झाला तशी वही प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि फाटकाकडे निघाले.