दोन्ही रिंगा सारख्या हव्यात : आमची वाटचाल

मी भायखळ्यात वाढलो आणि बास्केटबॉल शिकलो तो नागपाड्याच्या कोर्टावर. १९७० सालच्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुंतसिर याच नागपाड्याचे, त्यामुळे आमच्यापैकी प्रत्येक पोराला आपणही एक दिवस भारताकडून खेळू असे वाटत असे. माझी मजल राज्याच्या संघापर्यंत गेली. त्या काळी या खेळावर पोट भरायचे म्हणजे खेळाडू कोट्यातून नोकरी मिळवायची, पहाटे सराव करायचा, दुपारी कचेरीतले टेबल सांभाळायचे आणि स्पर्धा आल्या की कचेरीच्या संघातून उतरायचे. मी अकरा वर्षे हेच केले. सिमेंटच्या कोर्टावर उड्या घेऊन उजवा गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया झाली आणि बत्तिसाव्या वर्षी खेळ सुटला.

खेळ सुटल्यावर ती कचेरी परकी वाटू लागली. घरच्यांशी बोलून नोकरी सोडली आणि लालबागच्या एका अनुभवी फॅब्रिकेटरकाकांच्या भागीदारीत २००९ साली घोडपदेवला भाड्याने गाळा घेतला. रे रोडच्या दारूखाना या लोखंडाच्या बाजारातून पाइप आणि सळया आणायच्या, बास्केटबॉलचे खांब आणि रिंगा घडवायच्या आणि शाळांच्या मैदानांवर बसवायच्या, एवढेच आमचे काम होते. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय नियम बदलले, जिच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात ती रेषा ६.२५ मीटरवरून ६.७५ मीटरवर गेली आणि रिंगेखालचा समलंब चौकोन जाऊन तिथे आयत आला. जुनी कोर्टे नव्याने आखण्याच्या त्या कामांनी आम्हाला पहिली दोन वर्षे तारले.

आमच्या हातून एक मोठी चूक झाली, तीही सांगितली पाहिजे. परळच्या एका शाळेत आम्ही ओळंबा लावून, टेपने तीनदा मोजून रिंग नियमाप्रमाणे बरोबर ३.०५ मीटर उंचीवर बसवली. नंतर शाळेने मैदानाला नवा थर दिला आणि जमीन चार सेंटिमीटर वर आली, म्हणजे रिंग तेवढीच बुटकी ठरली. जमिनीचे काम पुढे होणार आहे का, हे विचारणे आमचे काम होते आणि ते आम्ही विचारले नव्हते. दोन्ही खांब उपटून पाया पुन्हा घातला, पदरचे पैसे घालून. तेव्हापासून जमिनीची अंतिम पातळी लिहून घेतल्याशिवाय आम्ही खड्डा खणत नाही.

माझा जीव खरा गुंतला तो स्प्रिंगच्या रिंगेत. अमेरिकेत १९७९ साली डॅरिल डॉकिन्स यांनी डंक करताना, म्हणजे उडी घेऊन चेंडू वरून रिंगेत कोंबताना, दोनदा रिंगेमागचे बोर्ड फोडले, आणि त्यानंतर दाब आला की झुकणारी व सोडली की जागेवर येणारी रिंग रूढ झाली. अशी रिंग बनवणाऱ्या सुरुवातीच्या लोकांपैकी आर्थर एरॅट हे इलिनॉयमध्ये धान्याच्या कोठारावर काम करत आणि त्यांनी शेतीच्या अवजाराची स्प्रिंग त्यासाठी वापरली होती. हे वाचल्यावर मी आणि काकांनी गॅरेजांतून, यंत्रांच्या सुट्या भागांच्या दुकानांतून स्प्रिंगा आणून दीड वर्ष प्रयोग केले. झुकणारी रिंग त्या मानाने लवकर साधली, वेळ गेला तो दोन रिंगा सारख्या करण्यात. नियमानुसार चेंडूच्या आघाताची ३५ ते ५० टक्के ऊर्जा रिंगेने शोषली पाहिजे आणि एकाच कोर्टावरच्या दोन रिंगांत ५ टक्क्यांहून अधिक फरक चालत नाही. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात. एक रिंग कडक आणि दुसरी मऊ असेल, तर काठावर लागलेला तोच चेंडू एकीकडे आत पडतो आणि दुसरीकडे उसळून बाहेर जातो. खेळत असताना हे मी अनेकदा सोसले होते, म्हणूनच आम्ही रिंगा सुट्या विकत नाही, जोडीनेच देतो.

४ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या डोम या बंदिस्त स्टेडियममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स हे अमेरिकी संघ खेळले, एनबीए या तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा भारतातला तो पहिला सामना, आणि तो जादा वेळेत १३२-१३१ असा पेसर्सने जिंकला. समोर शाळांतली हजारो मुले बसली होती. त्यानंतर शाळांकडून चौकशा वाढल्या, पण काही महिन्यांतच महासाथीने मैदाने बंद झाली आणि आम्ही गाळ्यात खिडक्यांची ग्रिले बनवून कारागिरांचे पगार भागवले.

आज आम्ही सात जण आहोत. समुद्राची खारी हवा लोखंड खाते, म्हणून खांब जस्ताचा मुलामा देऊनच बाहेर पडतात आणि पावसाळा संपला की जुन्या ग्राहकांकडे जाऊन आम्ही बोल्ट तपासून येतो. नवी जोडी उभी राहिली की मी दोन्ही बाजूंना दहा-दहा फ्री थ्रो टाकतो, काका रिंगेखाली उभे राहून आवाज ऐकतात, आणि दोन्हीकडचा आवाज सारखा आला की मगच बिल देतात.