नवेगावबांधची वारी आणि जनरेटरची जागा

डिसेंबरात बाबांना घेऊन नागपूरहून नवेगावबांधला गेलो, गाडीमागे आमचा छोटा कॅम्पर, म्हणजे गाडीला जोडून ओढत न्यायची चाकांवरची खोली. बाबांना झोपेत सीपॅप मशीन (श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं) लागतं, म्हणून 2 केव्हीएचा पेट्रोल जनरेटर सोबत घेतला. वजन 22 किलो. तो ठेवायचा कुठे, यावर मी निघण्याआधी पुरेसा विचार केला नाही आणि सगळा त्रास तिथूनच सुरू झाला.

वाडीत वेल्डिंग करून कॅम्परच्या मागच्या बाजूला कॅरिअर बसवून घेतला होता. कॅरिअर, जनरेटर, पेट्रोलचा डबा मिळून 35 किलो. पारडी सोडून भंडारा रोडला लागलो आणि काटा 60 च्या वर गेला की कॅम्पर मागे डुलायला लागायचा. शेजारून ट्रक गेला की स्टिअरिंग हातात घट्ट धरावं लागे. आई गप्प बसली होती, पण तिने दाराचं हँडल सोडलं नव्हतं.

मौद्याला ढाब्यावर थांबून हिशेब केला. कॅम्पर 600 किलोचा, त्यातला साधारण दहावा हिस्सा, म्हणजे 60 किलो, गाडीला जोडणाऱ्या हुकवर हवा. चाकांच्या 2 मीटर मागे 35 किलो टांगले आणि हूक चाकांच्या 3 मीटर पुढे असला, तर हुकवरचे 23 किलो उचलले जातात. उरले 37. डुलणारच ना! घरच्या वजनकाट्यावर लाकडी ठोकळा ठेवून त्यावर हूक टेकवला की हा भार मोजता येतो. निघण्याआधी एवढं नक्की करा, आणि तुमच्या गाडीला किती भार चालतो तो कंपनीचा आकडाही बघा.

तिथे मी दुसरी चूक केली. जनरेटर उचलून कॅम्परच्या आत ठेवला. साकोलीच्या पुढे एका स्पीडब्रेकरवर तो आडवा झाला. नवेगावला दार उघडलं तर आत पेट्रोलचा भपकारा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, खालीच साचून राहते. दोन तास दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या, शेगडीला हातही लावला नाही.

जनरेटर सुरू होईना. धानाच्या शेतावरची पंपाची इंजिनं दुरुस्त करणारे एक काका आले. बघताच म्हणाले, "भाऊ, आडवा पडला होता ना हा?" स्विच बंद ठेवून इंजिनचा स्पार्क प्लग काढला, भोकावर फडकं धरून आठ-दहा वेळा दोरी ओढली. फडकं काळ्या तेलानं भिजलं. मग एअर फिल्टर पुसला, कमी झालेलं ऑइल भरलं. पहिली पाच मिनिटं पांढरा धूर, नंतर ठीक. जनरेटर कायम उभाच न्यायचा, पेट्रोलचा कॉक आणि टाकीच्या झाकणावरचा हवेचा खटका बंद करून. पेट्रोल शेवटच्या पंपावर भरा, तेही धातूच्या डब्यात.

रात्री जनरेटर लावूच नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळत नाही. मशीन 40 वॅटप्रमाणे 8 तास चाललं तरी 320 वॅट-तास लागतात (हवा दमट करणारा ह्युमिडिफायर बंद ठेवून). 12 व्होल्ट, 100 एएचच्या (अँपिअर-तास) बॅटरीत ते निभतं. आम्ही दिवसा कॅम्परपासून 7 मीटर लांब, धूर उलट दिशेला जाईल असा लावून बॅटरी चार्ज केली. बाबा दोन्ही रात्री शांत झोपले. पहाटे तलावावर बदकांचा आवाज तेवढा होता.

परतताना जनरेटर कॅम्परच्या पुढच्या त्रिकोणी सांगाड्यावर रबरी पट्टा घालून उभा बांधला, दोन रॅचेट बेल्टनी. कॅम्पर एकदाही डुलला नाही. आता तिथे जाळीची पेटी केली आहे. चालवायला मात्र बाहेरच काढतो. बंद केल्यावर निदान अर्धा तास थंड होऊ देतो, मगच पेटीत.

घरी ठेवताना टाकी रिकामी करतो आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा धरतं, आणि आपल्या मे महिन्यात 45 डिग्रीला उरलेलं पेट्रोल चिकट होऊन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं बारीक भोक, बंद करतं. गच्चीवर नको, गिझरच्या सिलिंडरजवळ तर मुळीच नको. महिन्यातून एकदा थोडं पेट्रोल घालून अर्धा तास लोडवर चालवतो, तेव्हा बाबांची बॅटरीही त्यालाच लावतो.