मचाण कधी हलवायचं: पेनसिल्व्हेनियातल्या हरणांच्या हंगामाचा माझा अनुभव

सप्टेंबरात सोयाबीनच्या शेतात रोज संध्याकाळी दिसणारे व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणांचे नर ऑक्टोबर लागला की दिसेनासे होतात. नवखा शिकारी म्हणतो, हरणं गेली. ती बहुतेक वेळा जवळच असतात. सोयाबीनची पानं पिवळी पडतात, जंगलात ओकची फळं गळायला लागतात आणि चरायची जागा बदलते. म्हणून धनुष्यबाणाचा हंगाम सुरू झाला की मी शेताच्या बांधावरचं मचाण सोडून देतो.

कुठला ओक, हे आधी बघतो. ज्याच्या पानाचे कंगोरे गोल असतात तो पांढरा ओक. टोकं अणकुचीदार असतील तर तांबडा. पांढऱ्याची फळं कमी तुरट, हरणं आधी त्यांच्यावर येतात. तांबड्याची फळं उशिरापर्यंत टिकतात. झाडाखाली चावलेली टरफलं आणि ओल्या, चकचकीत लेंड्या असतील तरच मी तिथे बसतो. नुसती फळं पडलेली असणं पुरेसं नाही.

वाऱ्यासाठी खिशात मिल्कवीडचा कापूस ठेवतो. आपल्या रुईची म्हातारी उडते तसाच तो उडतो आणि हवा पुढे जाऊन कुठे वळते ते डोळ्यांनी दिसतं. सकाळी ऊन चढलं की उतारावरची हवा वर जाते, संध्याकाळी गार होऊन खाली उतरते. त्यामुळे सकाळी वरच्या अंगाला आणि संध्याकाळी खालच्या अंगाला बसायचं. बहुतेक जण इथेच चुकतात: सकाळी यश आलेल्या मचाणावर संध्याकाळीही बसतात आणि त्यांचा वास थेट हरणांच्या वाटेवर उतरतो.

ऑक्टोबरच्या शेवटी नर खुरांनी माती उकरून त्यात मुततात आणि वरच्या लोंबत्या फांदीला तोंड घासतात. ही जागा सापडली की तिथेच बसावंसं वाटतं, पण नर तिथे बहुधा रात्रीच येतात. मी माद्यांच्या विश्रांतीच्या झाडीकडे जाणाऱ्या वाटेवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसतो. माजाचा काळ दिवस लहान होत गेल्याने ठरतो, थंडीने नाही, म्हणून त्याचा भर नोव्हेंबरच्या मध्यालाच येतो. फक्त ऊन तापलं तर जाड हिवाळी केसांमुळे हरणं दिवसा कमी हिंडतात. माजावरच्या मादीपाशी नर दिवसभर अडकून राहतो. चार दिवस ओस गेले तरी या काळात मी दुपारी मचाण सोडत नाही, कारण ती मादी सोडल्यावर तो भरदुपारीही दुसरी शोधायला निघतो.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या सणानंतरच्या) शनिवारी रायफलचा हंगाम उघडतो आणि सगळं पुन्हा बदलतं. सुरक्षेसाठी भडक केशरी कपडे घातलेले शिकारी पहाटे रस्त्याकडून आत शिरतात, हरणं दाट झुडपांत दबतात. इथे मी अंधारातच, माणसांच्या आधी, त्या झुडपांकडे जाणाऱ्या खिंडीत पोचलेला असतो. दहाच्या सुमाराला थंडीने अवघडलेली माणसं गाड्यांकडे परतू लागतात आणि त्यांच्या हालचालीनेच हरणं उठतात.

गाभण न राहिलेली मादी साधारण २८ दिवसांनी पुन्हा माजावर येते, म्हणून डिसेंबरातही एखादा नर पाठलाग करताना दिसतो. बाकीची हरणं दक्षिणेच्या उन्हाच्या उतारावर आणि कापणीत सांडलेल्या मक्यावर येतात. २६ डिसेंबरला फ्लिंटलॉकचा, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या जुन्या धाटणीच्या बंदुकीचा हंगाम उघडतो तेव्हा माझं मचाण पुन्हा शेताच्या बांधावर असतं.