खग्रास, पातळ ढग आणि काळी माती : माणदेशातून ग्रहण दाखवायला जाणाऱ्यांसाठी

‘पौर्णिमेचा चंद्र काय, ढगातूनही दिसतो’ असं सांगणाऱ्याने खग्रास चंद्रग्रहण कधी कॅमेऱ्यातून थेट प्रक्षेपणात दाखवलेलं नसतं. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री ९:५७ च्या स्पर्शापासून (सावली लागली तेव्हापासून) ११:०१ च्या संमीलनापर्यंत (चंद्र पुरता झाकला जाईपर्यंत) विरळ ढगातूनही पडद्यावर चंद्र झकास होता. खग्रास लागलं आणि त्याच विरळ ढगाआड तो नाहीसा झाला. ढग वाढला नव्हता, चंद्रच मंदावला होता. खग्रासात त्याचं तेज दहा हजार पटीहून जास्त घटू शकतं. म्हणजे खंडग्रासाला चालणारा ढग खग्रासाला भिंत होतो. ८२ मिनिटांपैकी लाल चंद्र जेमतेम वीस मिनिटं मिळाला, तोही तुकड्यातुकड्यांत.

त्यामुळे भाद्रपदात जागा निवडताना अंधार विसरा. चंद्राला अंधार लागत नाही, ढगांमधलं भोक लागतं. घाटमाथ्यावरचं ‘ग्रहण पॅकेज’ घेऊ नका. चित्र देखणं असतं, पण ढगांच्या पोटात बसून जेवायचे पैसे ते, आणि परतही मिळत नाहीत. सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेत उतरा. माण, खटाव, सांगोला या माणदेशाच्या पट्ट्यात दुपारी तापून उभे वाढलेले ढग बऱ्याचदा रात्री दहानंतर विरतात. घाटावरचा चादरीसारखा पसरलेला स्तरढग रात्रभर हलत नाही.

इन्सॅट उपग्रहाची चित्रं बघूनच निघा, पण एक खोच लक्षात ठेवा. रात्री उपयोगी पडतं ते अवरक्त, म्हणजे उष्णता टिपणारं चित्र, आणि त्यात ढग दिसतो तो थंड असल्यामुळे. घाटावरचा खालचा ढग जमिनीइतकाच उबदार असतो, म्हणून चित्रात आकाश मोकळं वाटतं. लोणावळ्यावर काही दिसत नाही म्हणून तिकडे गाडी वळवणारे इथेच फसतात. ढगांचे खालचा, मधला, वरचा असे थर वेगवेगळे दाखवणारं अ‍ॅप सोबत ठेवा. खालचा आणि मधला थर शून्याजवळ असेल तरच सामान उतरवा.

पुण्याहून सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद, फलटण आणि मोगराळे घाटाने दहिवडी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवशीही संपलेली नसते, तेव्हा पेठांच्या वाटेला न जाता बाहेरून निघा. बाकी रस्ता चांगला आहे, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

लिहायचं ते शेवटच्या सातशे मीटरवर. डांबरी संपते, शेताची वाट सुरू होते, माती काळी. वरून सुकलेली पापडी, खाली लोणी. पहिली वीस-तीस मीटर काही जाणवत नाही. मग चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती भरत जाते, चाक फिरायचं थांबतं आणि गाडी घसरगुंडीसारखी आडवी होते. अशा वेळी एक्सलेटर दाबणं म्हणजे खड्डा खणणं. ट्रॅक्टरवाल्याने ओढायला १५०० मागितले, १००० वर तुटलं. अंधार पडल्यावर भाव वाढतो, आणि ग्रहणाच्या रात्री माणूसच बाहेर पडत नाही. म्हणून गाडी घालण्याआधी उतरून चाला. टाच रोवून फिरवा. दोन बोटं आत गेली तर गाडी डांबरीवरच ठेवा आणि सामान हाताने न्या. नाहीतर सरळ मुरमाड माळ किंवा शाळेचं पटांगण निवडा. गाडीत खुरपं हवंच, मडगार्डमधली माती दुसऱ्या कशाने निघत नाही.

आता प्रक्षेपण. फोकल लेंग्थला ११० ने भागलं की सेन्सरवरचा चंद्र मिलिमीटरमध्ये मिळतो. ५०० मिमीच्या दुर्बिणीत साडेचार मिमी. साध्या डीएसएलआरच्या १५ मिमी उंचीच्या सेन्सरवर तो छान बसतो, ग्रहांसाठीच्या छोट्या कॅमेऱ्यावर कापला जातो. बार्लो (प्रतिमा मोठी करणारं जादा भिंग) घरी ठेवा. दुप्पट बार्लो प्रत्येक पिक्सेलचा प्रकाश चौथाईवर आणतं, आणि ढगाळ खग्रासात तेवढी उधळपट्टी परवडत नाही.

सगळ्यात मोठी चूक कॅमेऱ्याचा व्हिडिओ थेट पाठवणाऱ्या एचडीएमआय केबलवर भिस्त ठेवण्याची. व्हिडिओत एका चित्राला सेकंदाच्या पंचविसाव्या भागाहून जास्त वेळ मिळत नाही, म्हणून संमीलनानंतर पडदा काळा होतो आणि प्रेक्षक ‘बंद पडलं का?’ विचारतात. अकराच्या आधीच स्थिरचित्रांवर या : आयएसओ १६००, एक ते दोन सेकंद, दर दहा सेकंदांनी एक. लॅपटॉपवर प्रत्येक चित्र एकाच नावाच्या फाइलवर लिहू द्या. ओबीएस या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमधला इमेज सोर्स फाइल बदलली की चित्र आपोआप बदलतो.

चंद्रामागे दुर्बीण आपोआप फिरवणाऱ्या माउंटचा (स्टँडचा) अक्ष ध्रुवताऱ्याकडे लावायचा असतो, पण ध्रुवतारा इथे क्षितिजापासून जेमतेम १८ अंशांवर असतो, म्हणजे पावसाळ्यात नाहीच म्हणा. म्हणून अक्षाचा क्षितिजाशी कोन कोनमापकाने आणि उत्तर होकायंत्राने लावा. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, तेवढ्यावर काम भागतं. वेग ‘चंद्र’ वर ठेवा. माउंट नसेल तर दर दोन मिनिटांनी चंद्र स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो, त्यासाठी एक माणूस बांधला गेला. त्या रात्री साडेबाराच्या सुमारास चंद्र याम्योत्तर (आकाशातली उत्तर-दक्षिण मधली रेषा) ओलांडत होता, तेव्हा माउंटवरची दुर्बीण दुसऱ्या बाजूला घ्यावी लागते. दुर्बीण उलटी फिरवायची ती १२:२३ चं उन्मीलन (खग्रास सुटणं) झाल्यावर, खग्रासात मुळीच नाही.

दव लेन्स पांढरी करतं आणि दोष ढगाला जातो. भिंगाच्या व्यासाच्या दीडपट लांब, काळ्या फोमची नळी लावा आणि १२ व्होल्टचा हीटर पट्टा सुरुवातीपासून चालू ठेवा. दव बसल्यावर पुसत बसू नका. लॅपटॉप, माउंट आणि पट्टा मिळून साठेक वॅट धरा. १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी वापरली तर चार तास. मोक्ष, म्हणजे ग्रहण पूर्ण सुटणं, १:२७ ला होता, तोवर जेमतेम पुरते. पॉवर बँकेवर विसंबणारे बाराच्या आत झोपायला जातात.

७२० पी दर्जाच्या प्रक्षेपणाला अडीच एमबीपीएस इंटरनेट बास, पण अपलोड त्याच्या दुप्पट मिळायला हवं. ते रात्री दहाला तपासा, दुपारी नव्हे. दोन कंपन्यांची सिमं न्या. यूट्यूबवर पहिल्यांदाच लाइव्ह करणार असाल तर परवानगीला २४ तास लागू शकतात, ग्रहणाच्या दिवशी सकाळी आठवून उपयोग नाही. शंभरेक किलोमीटरवरची दुसरी जागा त्याच प्रक्षेपणाला जोडलेली असेल तर उत्तम, दोन्हीकडे एकाच वेळी ढग येण्याची शक्यता कमी होते. ढग आल्यावर जुनं चित्रण ‘थेट’ म्हणून दाखवणं ही शुद्ध फसवणूक आहे. त्यापेक्षा एक बल्ब, एक चेंडू आणि एक मोसंबं घेऊन सावलीचं गणित दाखवा. लोक थांबतात.

गावातले येतात, पण साडेदहानंतर, आणि आधी मुलं. सुतकावर भाषण देऊ नका, खंडग्रासात चहा-पोहे वाटा आणि स्वतः खा. एवढं बघून आजीबाईसुद्धा दुर्बिणीला डोळा लावतात. लांबून कुणी ‘दे दान सुटे गिराण’ ओरडत असेल तर माइक तिकडे करा, प्रक्षेपणात त्याहून चांगला आवाज मिळणार नाही.

पावसाळ्यातली पुढची संधी ययाती (पर्सिड) उल्कावर्षावाची. १२ ऑगस्ट २०२६ ला अमावस्या आहे, चंद्राचा त्रास नाही, ढगांचा मात्र पुरेपूर. तिथे अंधारही लागेल आणि भोक नव्हे, अर्धं आकाश मोकळं लागेल, तेव्हा प्रक्षेपणाची जाहिरात आधी करू नका. खग्रास निवांत दाखवायचं असेल तर ३१ डिसेंबर २०२८ ची रात्र, पावणेदहा ते अकरा. तेव्हा माती वाळलेली असेल.